पोरांच्या नावाची झाडं

सोलापूर, मळ्यावरून
चैत्र, सन १९७३

तीर्थरूप हिंदुराव मामांच्या पायी मानसिंगचा दंडवत. मामीच्या गुडघ्याला उतार असेल आणि बैल छावणीत दोन पेंढ्या जास्तच ओढत असतील, असं धरून चालतो. माझं ट्रकवरचं काम सुटलं (ती वेगळीच कथा, तीत एक शेळी आहे). सध्या गुरुबसप्पा मास्तरांच्या मळ्यावर आहे.

मास्तरांनी पेन्शनीत निघाल्यावर इथं पोरांसाठी शेतावरची शाळा काढली. शहरातली पोरं रविवारी येतात, शेणखत कालवतात, माती कशी जगते ते शिकतात. (मीही शिकलो. गांडुळाला डोळे नसतात, मामा. तरी माझ्यापेक्षा नीट चालतं.) दर पोरानं एक झाड लावायचं आणि त्याला आपल्या नावाची पत्र्याची पाटी बांधायची.

विहिरीनं तळ दाखवला तसं मास्तरांनी पोरांनाच विचारलं, पाणी एवढंच, तर कुठली झाडं सोडायची? धडा चांगला होता. पोरांनी विचार करून निम्म्या झाडांवर चुन्याच्या फुल्या मारल्या आणि घरी जाऊन ती नावं सांगितली. नावाचं झाड वाळलं की पोर जाणार, हे आयांचं पक्कं. झालं, शुक्रवार पेठेतल्या बाया एसटीतून भरल्या घागरी घेऊन हजर. घरात प्यायला नाही, आणि नळावर भांडून मिळवलेलं पाणी झाडाला. कंडक्टरनं घागरीचं तिकीट मागितलं तर त्यांतली चंद्रव्वा म्हणाली, "घागरीत माझा लेक बसलाय, अर्धं फाड." झाड म्हणजे पोर नव्हे, असं मास्तर समजावायला गेले, तर ती म्हणाली, "मग नाव कशाला बांधलं?" मास्तरांनी तिची घागर उतरवून घेतली.

राहिली वच्छी. ती मावशीकडं राहते, आणि मावशीला स्वतःचीच चार. आई केराबाई तुमच्या हाताखाली नातेपुत्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडते. वच्छीच्या लिंबावर फुली आहे, घागर आणणारं कुणी नाही. पोरगी इथं मिळणारा आपला पाण्याचा पेला त्याला घालते आणि भाकरी कोरडी गिळते. तुम्ही मुकादम, तेव्हा केराबाईला दोन दिवस सोडा, एवढ्यासाठी कागद खर्चला.

आपला भाचा,
मानसिंग

ता. क. केराबाईला सोडू नका. झाडाचं कळलं तर ती घागर डोक्यावर घेऊन तिथून चालत निघेल.

आणखी एक. लिंब वाळला. आज सकाळी वच्छीनं पाटी सोडवून बांधावरच्या धोंड्याला बांधली. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "ह्याला पानी लागत न्हाय." केराबाईनं विचारलं तर झाड बरं आहे म्हणा. पोरगी बरी आहे म्हणा, हे तर खरंच आहे. धोंड्याचं तेवढं सांगू नका.