पायरीवरचा हंगाम

७ एप्रिल, रविवार

जिंकलो! ३-१! आणि तिन्ही गोल मी जिन्यात असताना. आता तर तोंड उघडायचीही सोय उरली नाही.

इथे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी म्हणायचं की हा माणूस हौसेने पायरीवर बसायचा. हंगामातले पहिले दोन सामने मी मैदानावर जाऊन पाहिले. दोन्ही हरलो. तिसरा घरी टीव्हीवर पाहत होतो, तोही हातचा चाललेला. तेवढ्यात बायकोने मीठ आणायला पिटाळलं. मी जिना उतरतो न उतरतो तोच वरून घरच्यांचा ओरडा — गोल! मीठ घेऊन आलो, बसलो, आणि समोरच्यांनी लगेच परतफेड केली. सासऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मीच हॉकीची स्टिक घेऊन तो गोल मारला. म्हणाले, "जावईबापू, अजून काही आणायचं राहिलंय का बघा बरं."

झालं. तेव्हापासून सामना सुरू झाला की मी दाराबाहेर. पांढऱ्या पायाचा जावई!

बरं, माझा धंदा काय? लोकांच्या खुर्च्या-सोफ्यांना नवा स्पंज, नवं कापड घालणं. अर्ध्या शहराला मी मऊ बसवलंय आणि स्वतः बसतो दगडी पायरीवर. माझी स्वतःची खुर्ची, जिच्या स्प्रिंगा मी जीव ओतून बसवल्या, तिच्यात सासरे. वर म्हणतात, डावीकडे जरा टोचतं.

८ एप्रिल, सोमवार

एका गिऱ्हाइकाच्या सोफ्यात चार चमचे आणि एक कवळी सापडली. कवळी वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्याला दाखवली. काम वाईट आहे म्हणाला.

हा दंतवैद्य माझा जिन्यातला सोबती. त्यालाही त्याच्या बायकोने याच गुन्ह्यासाठी बाहेर काढलंय. दोघं मिळून मटार सोलतो, कारण दोन्ही घरांनी ठरवलंय की बाहेर बसायचंच आहे तर हात तरी चालू द्या.

आमच्या जिन्यात एक गंमत आहे. गोल झाला की आधी लांबून कुठूनतरी "होऽऽ" असा आवाज येतो, आणि मग जरा वेळाने आमच्या घरातून. मी म्हटलं, प्रतिध्वनी. दंतवैद्य म्हणाला, प्रतिध्वनी आधी कसा येईल? मी म्हटलं, जुनी इमारत आहे, काहीही होतं.

१० एप्रिल, बुधवार

आज लिहायला काही नाही. सासऱ्यांना अजूनही डावीकडे टोचतंय.

१४ एप्रिल, रविवार

पुन्हा जिंकलो. २-०.

पण खरी मजा सामना संपल्यावर असते, हे इथेच कबूल करतो. बायको छत्री घेऊन बाहेर येते, माझ्या शेजारी पायरीवर टेकते आणि अख्खा सामना सांगते. छत्री म्हणजे स्टिक, मटारचा दाणा म्हणजे चेंडू. लग्नाला इतकी वर्षं झाली, हॉकी म्हटलं की ही उठून कपडे वाळत घालायला जायची. आता खेळाडूंना हिने स्वतःची नावं ठेवली आहेत — लांब मानेचा, रुसका, आणि "तो, ज्याचे केस आईने कापलेत." पेनल्टी कॉर्नरला म्हणते, "मग ते सगळे जाळीत जाऊन दाटीवाटीने उभे राहिले, लिफ्टमध्ये उभे राहतात ना, तसे."

आज रुसक्याचा गोल दाखवताना छत्री उघडली गेली आणि सगळे मटार तीन मजले खाली. मी इतका हसलो की दंतवैद्याची बायको बाहेर येऊन बघून गेली.

१७ एप्रिल, बुधवार

जेवताना फर्मान निघालं. रविवारी शेवटचा सामना, नदीपलीकडच्यांशी. नुसती बरोबरी साधली तरी आम्ही वरच्या गटात. सासरे म्हणाले, वर गेलो तर जावयाची जागा कायम — पुढचा हंगामही जिन्यात, उगाच विषाची परीक्षा नको. हरलो तर मात्र दोष जावयाचा नाही हे सिद्ध होईल आणि खुर्ची परत मिळेल.

कन्या म्हणाली, न्याय्य आहे. कॉलेजात हेच शिकवतात वाटतं.

म्हणजे संघ जिंकला तर मी जन्माचा पायरीवर, आणि मला खुर्ची हवी तर संघ बुडायला हवा! लहानपणापासून या संघासाठी घसा बसवून घेतलाय मी. देवापुढे हात जोडले, तर काय मागायचं तेच सुचेना. शेवटी सगळ्यांना आरोग्य मागितलं.

२० एप्रिल, शनिवार

जिंकावं. खुर्ची गेली खड्ड्यात. जिंकावंच.

(दुपारी दुकानात एक आरामखुर्ची आली. बसून पाहिली. मन डळमळलं.)

२१ एप्रिल, रविवार

हरलो.

कसे ते लिहितो, नाहीतर झोप यायची नाही. २-२ होते. बरोबरी पुरे होती! शेवटचं मिनिट. आत टीव्हीसमोर कन्या आणि सासरे टाळ्या वाजवून "चला, चला, चला" करत होते, बायकोचा आवाज सगळ्यांत वर. दंतवैद्य माझा हात धरून बसलेला, दाढ काढताना पेशंट धरतो तसा.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याचा साडू मैदानात बसला होता. दंतवैद्याने ऐकलं, फोन खाली ठेवला आणि म्हणाला, "गेला. पेनल्टी कॉर्नर. आपण हरलो."

मी म्हटलं, काय अभद्र बोलता! आतून तर "चला, चला" चालूच होतं. बायको ओरडली, "लांब मानेच्या, अडव रे!" पायरीवर आम्हा दोघांना मटार सोलायचंही सुचेना. मला वाटलं साडूला नीट दिसलं नसेल, चष्मा विसरला असेल. वाटलं, दार उघडावं आणि त्यांना थांबवावं. पण काय थांबवणार? त्यांची आशा अजून शाबूत होती. तेवढी तरी असू दे, म्हणून दाराला हातही लावला नाही.

मग आतून एक मोठा सुस्कारा आला.

बायको बाहेर आली, पण छत्रीशिवाय. म्हणाली, "या आत. खुर्ची तुमची."

२२ एप्रिल, सोमवार

तेलही गेलं, तूपही गेलं. वरचा गट गेला, आणि खुर्ची खरंच डावीकडे टोचते.

प्रशिक्षकाने पेपरात सांगितलं की मैदान ओलं होतं. नाचता येईना, अंगण वाकडं! नदीपलीकडचे काय कोरड्या मैदानात खेळत होते?

२८ एप्रिल, रविवार

आज हंगाम संपल्याचा मैत्रीपूर्ण सामना. मी खुर्चीत! या हंगामात पहिल्यांदाच अख्खा सामना! सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. लांब मानेच्याला तीनदा सांगितलं की पास दे. पंचाला दोन गोष्टी सुनावल्या. बायको म्हणाली, "बघा बघा, रुसका आज —" मी म्हटलं, थांब, आधी ही चाल बघ. नंतर बघतो तर ती कपडे वाळत घालायला गेलेली. कन्येने कानात काहीतरी घातलं होतं. सासरे झोपले होते.

आम्ही ४-० जिंकलो. माझ्यादेखत! चारही गोल! मी वळून पाहिलं, सांगायला कोणीच नव्हतं.

एवढी मोठी खुर्ची, आणि इतकं एकटं वाटलं की शेवटी टीव्ही बंद केला.

२९ एप्रिल, सोमवार

दंतवैद्य जिन्यात भेटला. आम्हाला दोघांनाही तेच खात होतं: साडूला आधी कसं कळलं? आणि तिथेच दोघांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. घरी दिसणारा सामना उशिरा येतो! लांबून येणारं ते "होऽऽ" मैदानातलं होतं. म्हणजे घरात गोल दिसायचा तेव्हा तो कधीच होऊन गेलेला असायचा. मी आत असो, बाहेर असो, मिठाला जावो, काय फरक पडणार? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, एवढंच. आणि त्यासाठी पोतंभर मटार सोलले आम्ही!

धावत घरी गेलो. बायको पडद्यांना इस्त्री करत होती. सगळं समजावून सांगितलं, हातवारे करून. तिने इस्त्री उभी केली.

"मला ते दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं," ती म्हणाली.

"आणि सांगितलं नाहीस?"

"खुर्चीत बसलात की तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. पायरीवर ऐकता. इतकं ऐकता की मला सामना नीट बघावा लागतो. वाटलं, एक हंगाम तरी असू दे."

आणि तिने पुढचा पडदा घेतला. मला तिचं कालचं कपडे वाळत घालणं आठवलं, आणि त्याआधीच्या सगळ्या वर्षांतलंही.

३० एप्रिल, मंगळवार

दुकानात आज गिऱ्हाइकाचं काम बाजूला ठेवलं. जाड स्पंज, मजबूत रेक्झिन, खाली न घसरणारं कापड. आमच्या पायरीच्या मापाची गादी. दोन माणसं आणि एक छत्री आरामात बसतील अशी.

खुर्ची सासऱ्यांना परत दिली. डावीकडची स्प्रिंगही बदलून दिली.