दुबईत पावणेआठ

आवं,

भाकरी दुरडीत हाय, वांग्याची भाजी झाकून ठेवलीया. मी शेजारी राजेश्वरीकडं चालले. आज तिची बँक बंद हाय.

आपला दिग्विजय काल दुबईतनं म्हणला, "आई, उद्या सकाळी शेअरबाजार हाय, बोलायला जमायचं न्हाई." मी राजेश्वरीला इचारलं. बाजार सव्वानवाला उघडतो, तवा दुबईत पावणेआठ. साडेतीनला मिटतो, तवा तिथं दोन. शनवार-ऐतवार बंद. आन् आज एक मे, म्हंजे आजबी बंदच! पोरगा परमुलखात सुट्टी इसरला का आईला बनवतोय, त्याचं त्यालाच ठावं.

इस्लामपूरला त्याच्या सासूला मात्र रोज बाजार उघडायच्या आधी फोन लागतो. मंगलबाईंनी चार शेअर काय घेतलं, जावई त्यास्नी इचारल्याबिगर पाऊल टाकत न्हाई. नऊ म्हयनं पोटात मी वागवला, आन् मला ऐतवारची पाच मिनिटं. त्यातबी "जेवलीस का" झालं की "ठेवतो".

म्हून मीबी शेअरचं खातं काढणार हाय. राजेश्वरी फारम भरून देती म्हणली. कुठला शेअर घ्यायचा, ते मी दिग्विजयलाच इचारणार, रोज, सव्वानवाच्या आधी. तुमी हसू नगा.

मोबाईल मुद्दाम घरी ठेवलाय. त्याचा फोन आलाच, तर म्हणा, आईला येळ न्हाई.

पण कट करू नगा. खिडकीतनं एक हाक मारा, मी दारातच बसलेली आसंन.