रविवारची चादर

एडिनबरो, २ सप्टेंबर १९७८

ती. एफीताईस,

सा. न. वि. वि. यातला साष्टांग या वेळी शब्दशः घ्यावा.

तुझ्या अतिथिगृहातल्या लापशीने माझे वजन वाढवले. मन मात्र जड झाले ते माझ्याच करणीने. दर ऑगस्टला लीड्सहून तुझ्याकडे उतरणाऱ्या ऑल्डरसनबाई शुक्रवारऐवजी सोमवारीच बोटीने परत गेल्या, त्याला कारण मी.

त्या रविवारी सर्दीचे निमित्त करून मी चर्च चुकवले. अंथरुणात चहा घेतला आणि चादरीवर सांडला. चादर धुऊन रस्त्याकडच्या दोरीवर टाकली. हॅरिस बेटावर, रविवारी, जेव्हा धुणे वाळत घालणेही पाप! तुम्ही यायच्या आत काढू म्हटले आणि झोपलो. चर्चहून परतताना सगळ्या गावाने ती पाहिली. बाई चर्चला येत नाहीत, तेव्हा हे त्यांचेच काम असे सर्वांनी ठरवले आणि त्यांच्याशी बोलणे टाकले. जेवताना तुझ्या सासूबाई त्यांच्यादेखत, त्यांना न कळणाऱ्या गेलिकमध्ये म्हणाल्या, "ही ऑल्डरसन चौदा वर्षं येतेय. नवरा गेला तशी रीतही गेली वाटतं." आपले नाव ऐकून बाई हसल्या आणि मला बटाटे वाढले. मी ते खाल्ले.

तीस वर्षे संस्कृत शिकवतो, पण अपराधक्षमापनाला दोन ओळी सुचत नाहीत.

तुझा लोभ असावा, असे मागायचे धैर्य नसलेला,
टॉर्मड

हॅरिस, ११ सप्टेंबर

चि. टॉर्मडास,

अ. उ. आ. मधला 'उत्तम' तूर्त राखून ठेवला आहे. तुझ्या संस्कृतात याला काय म्हणतात ठाऊक नाही. आपल्याकडे भेकडपणा म्हणतात.

पण तुला तरी काय बोलू? सोमवारी खोल्या आवरताना तुझी गादी उघडी दिसली, तेव्हाच मी ओळखलं. बाई अजून खाली सामान बांधत होत्या. मी गप्प राहिले, कारण त्याच आठवड्यात केनेथला चर्चच्या ज्येष्ठांमध्ये नेमणार होते, आणि त्याच्या सख्ख्या मेहुण्याने रविवारी धुणं घातलं हे कळतं तर ते राहिलंच असतं. परकी बाई काय, निघून जाईल, असा हिशोब मी केला.

शनिवारी त्यांचं पत्र आलं. माफी मागतात. यंदा एकट्या असून दोघांची खोली अडवली, हे भर ऑगस्टमध्ये तुम्हाला जड गेलं असेल, तुम्ही भिडेपोटी बोलला नाहीत, असं लिहितात. ते वाचून मी केनेथला सगळं सांगितलं. त्याने टोपी घातली आणि पाद्रींकडे जाऊन मिळालेली नेमणूक नको म्हणून सांगून आला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत.

तू लीड्सला जा. पत्र पाठवू नकोस, स्वतः जा.

ताई

लीड्स, २३ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न.

गेलो. दारातच सगळे सांगितले. शिव्या खायची तयारी होती. बाई एवढेच म्हणाल्या, "म्हणजे खोलीमुळे नव्हतं?" नव्हतं म्हणालो. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि उलट माझेच आभार मानले. ते मला सोसवले नाही.

पुढल्या ऑगस्टला येणार का, हे त्या बोलल्या नाहीत. मलाही विचारवले नाही.

केनेथभावोजींना काय लिहावे ते तूच सांग.

तुझा,
टॉर्मड