एकसष्टावी खाडी

प्रिय जेन्सन,

उत्तराला उशीर झाला, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा निरोप येऊन तीन आठवडे झाले. रोज दुपारी वही काढतो, तारीख घालतो आणि मिटून ठेवतो. फोनवर तू घाईत असतोस, मी गडबडतो आणि भलतंच विचारतो, जेवलास का, तिकडे पाऊस आहे का. सातवीपर्यंतच शिकलो, तरी कागदावर निदान खोडता येतं.

तू मम्मीचा फोटो मागितलास. हॉस्पिटलात उशीला टेकून ती मोबाइलवर तू बनवलेला होडीचा खेळ खेळत होती, तो फोटो शेजारच्या एल्रॉयने काढलेला. तुझ्या कंपनीला तो जाहिरातीत घालायचा आहे, खाली लिहायचं आहे की आई शेवटपर्यंत मुलाचा खेळ खेळत होती. तू म्हणालास, पप्पा, लोक आम्हाला चोर म्हणतात, घाणेरडं लिहितात, खेळ बनवणाऱ्याला कोणी मान देत नाही, हे बघून तरी देतील. फोटो माझ्याकडे आहे. पाठवला नाही. का, ते सांगायलाच वेळ लागतो आहे.

इथे ठीक आहे. मम्मीला जाऊन महिना झाला, त्या मिस्सेला चर्चमध्ये बरीच माणसं आली. फादर छान बोलले असं प्रिस्काआत्या म्हणते, मला आठवत नाही. डबा तीच पाठवते. केळींना पाणी देतो. प्रेशरची गोळी घेतली की नाही ते विसरतो, म्हणून रिकामी पाकिटं खिडकीत मांडून ठेवतो. रडू आलं नाही. आत्या म्हणते, येईल. त्याचीही थोडा वेळ काळजी करतो, मग तीही राहून जाते.

चर्चच्या सणातला आपला रिंग टाकून वस्तू जिंकायचा स्टॉल तुला माहीत आहे. वर्षभर वालीवच्या कारखान्यात लेथवर काम, आणि सणाचे चार दिवस तो स्टॉल. रिंगा मीच पाइप कापून करायचो. तुझ्या जन्माआधीची एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नाही. त्या वर्षी मी भिंतीवरचं एक घड्याळ आणलं होतं. ते कोणी जिंकू नये म्हणून लाकडी ठोकळ्यावर ठेवलं, आणि ठोकळा रिंगेपेक्षा किंचित मोठा कापला. लांबून कळायचं नाही. आचोळ्याचे जयवंत मास्तर त्या घड्याळासाठी संध्याकाळभर फेकत राहिले. पोरं हसत होती, ‘मास्तर, आज गणित कच्चं दिसतंय.’ शेवटी मास्तर म्हणाले, ‘पॉल, एकदा हाताने बसवून दाखव.’ सणातला रिवाजच होता तो, असं विचारलं की स्टॉलवाल्याने दाखवायचं. मी रिंग ठेवली. कोपऱ्यावर अडकली. मी दाबली, तरी खाली गेली नाही. मास्तरांनी हातातल्या उरलेल्या रिंगा फळीवर ठेवल्या आणि निघून गेले.

मम्मी माझ्या बाजूलाच उभी होती. नवीन लग्न झालेलं आमचं. ती म्हणाली, ‘नेम चुकला तर माणूस स्वतःवर चिडतो नि परत येतो. त्यांचा नेम चुकला नव्हता.’ सकाळी मी ठोकळा तासला. तिथून पुढे वीस वर्षं, स्टॉल उघडताना चार माणसांसमोर प्रत्येक वस्तूवर रिंग बसवून दाखवायचो. मग माणसं हरली तरी जाताना म्हणायची, ‘उद्या बघतो तुला, पॉल.’ मान म्हणजे काय, मला तेवढाच माहीत. जयवंत मास्तर रस्त्यात भेटले की हात करायचे, पण स्टॉलवर पुन्हा आले नाहीत.

आता तुझा खेळ. मम्मीने साठ खाड्या पार केल्या. मासळी विकायला येणाऱ्या मटिल्डाला थांबवून दाखवायची, ‘हे माझ्या जेन्सनने केलंय, बोट लाव, बघ कशी पळते.’ मटिल्डा म्हणायची, ‘बाय, माझी खरी होडी सांभाळता सांभाळता जीव जातो, ही कुठे घेऊ.’ ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात ती एकसष्टाव्या खाडीत अडकली. ओहोटी लागायच्या आत होडी धक्क्याला न्यायची, आणि दरवेळी धक्का दोन हातांवर राहिला की होडी चिखलात रुतायची. मग खाली लिहून यायचं, पैसे भरून मोठी होडी घ्या. मी म्हटलं, घे की. ती म्हणाली, ‘लेकाच्या खेळात लबाडी करू? आपल्या स्टॉलवर मी कधी रेघ ओलांडून फेकली का?’ हॉस्पिटलात हात सुयांनी सुजला तरी चालूच. म्हणायची, ‘जेन्सनने बरोबरच केलं असणार. माझीच बोटं मेली.’ फोटोत ती हसते आहे असं तुला वाटतं. ती तेव्हा हरली होती, आणि तिची तिलाच लाज वाटत होती.

परवा एल्रॉय म्हणाला, ‘अंकल, एकसष्टवर सगळेच अडकतात. मोठी होडी घेतल्याशिवाय सुटतच नाही ती. मी पण खेळ सोडला.’ मी त्याला म्हटलं, तू चुकीचं ऐकलंस. ‘मग विचारा ना त्याला,’ म्हणाला. नंतर मी कारखान्यातली पट्टी फोनच्या काचेवर ठेवून अंतर मोजलं, घड्याळ लावून ओहोटीपर्यंतचा वेळ मोजला. होडी सरळ नेली, एकही खडक लागू दिला नाही, तरी ती धक्क्याला पोचायच्या आत वेळ संपतो. पण माझी नजर आता अधू आहे, मापात चूक झाली असेल.

खाडी सुटत असेल तर फोटो त्याच दिवशी पाठवतो, हवा तेवढा मोठा लाव. सुटत नसेल तर त्या फोटोखाली काही लिहू नकोस. लोक तुला चोर म्हणतात तेव्हा मला झोप लागत नाही, पण ते काय म्हणतात तेही एकदा ऐक. वरच्या साहेबाने सांगितलं असेल, तुझी नोकरी आहे, मला कळतं. तरी तासता येतं रे. मला फक्त एक सकाळ लागली होती.

खरं तर मी फोटोसाठी लिहायला बसलो नाही. मम्मीचा फोन मी बंद केलेला नाही. रोज जेवण झालं की तिच्या नावावर ती खाडी खेळतो. आधी दहा मिनिटं खेळायचो, आता चार वाजतात. केळी तशाच राहतात. तिचं नाव एक खाडी पुढे जावं एवढंच मनात आहे, दुसरं काही करावंसं वाटत नाही. सुटत असेल तर खेळत राहीन, माझी बोटं अजून चालतात. सुटत नसेल तर मला थांब म्हण. दुसऱ्या कोणी सांगितलं तर मी ऐकणार नाही. एका शब्दात कळवलंस तरी चालेल, पण या आठवड्यात कळव.

तुझाच,
पप्पा