अलमेलूबाईंची विहीर

कुंभकोणम्, जानेवारी १९५३

तीर्थरूप बाबांस सगुणाचा प्रभूत सलाम.

मी ठणठणीत आहे. हाताला फोड आलेत, ते आईला सांगू नका. तिचा खोकला थांबला का?

वादळात पडलेले विहिरींचे कठडे आमचा ख्रिस्ती तरुण संघ बांधतोय. आज अलमेलूबाईंकडे होतो. त्या पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहिलेल्या तंजावरी मराठी घरातल्या; इतक्या दूर मराठी ऐकून हरखल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही कुणातल्या?" मी आजोबांची बाप्तिस्म्याआधीची जात सांगितली. तशा त्या उंचावरून माझ्या ओंजळीत पाणी ओतू लागल्या. मी हात मागे घेतले.

कठडा पुरा झाल्यावर पहिली घागर मीच ओढली आणि सगळ्यांदेखत प्यायले. संघप्रमुख संतापले, नगरला परत पाठवतो म्हणाले. तुम्ही माफीचं पत्र धाडू नका.

उद्या शेजारची विहीर आहे. मला तिथंही तहान लागणार.

तुमचीच लेक,
सगुणा