खालच्या रांगेचं पत्रक

७ एप्रिल, मंगळवार

अजून एकही उत्तर नाही! एक तारखेला दोनशे चौदा जणांना आमच्या चर्चच्या मंडळीचं पत्रक ई-मेलनं पाठवलं. कोल्हार सोडून पुण्या-मुंबईला गेले आणि गावाला विसरले सगळे!

प्रवरेचं पाणी दर पावसाळ्यात दफनभूमीची कड खातंय. खालच्या रांगेतल्या अकरा कबरी पंचवीस तारखेला वर हलवायच्या आहेत. घरच्या सगळ्यांची संमती आली तरच हात लावायचा, असं पाळकसाहेबांनी ठरवलंय. गोरक्षनाथ कबरी खणतो, तो म्हणाला, "बाई, औंदा जोराचं पानी आलं तर ही रांग न्हाई ऱ्हायची."

त्यातली एक कबर आईची. माझी संमती दिली. आता अँड्र्यूची हवी.

९ एप्रिल, गुरुवार

अँड्र्यू कसला उत्तर देतोय! सख्खा धाकटा भाऊ, पण तीन वर्षं बोलणं नाही. आई गेली तेव्हा तो नागपूरहून निघाला होता. "ताई, थांब गं, मी पोचतोच." अंधाराआधी उरकू, असं सगळे म्हणाले, आणि मी हो म्हटलं. तो आला तेव्हा कबर बुजवून झाली होती. त्याला मूठभर मातीसुद्धा देता आली नाही.

नंतर ई-मेलवर काय काय सुनावलं त्यानं मला! मीही त्याचा नंबर खोडून टाकला.

११ एप्रिल, शनिवार

शॅरन नगरहून आली. पाळकसाहेबांची मुलगी, कॉम्प्युटरच्या कंपनीत असते. पत्रक बघून पोट धरून हसली. विषय मी लिहिला होता — "अत्यंत तातडीचे!!! शेवटची संधी!!! त्वरित उत्तर द्या!!!" तेही लाल अक्षरांत. "मावशी, लॉटरीवाले असंच लिहितात. सगळ्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडलं असणार."

तीस वर्षं पोरांचे निबंध तपासले, आणि माझं पत्रक लॉटरीवाल्यांत! फार लागलं मनाला.

पुढे म्हणे, गेलेल्या माणसांचे पत्ते काढा. सतरा निघाले. माणूस देवाघरी गेला म्हणून मंडळीतून नाव काढतात का? मी कधीच काढलं नव्हतं. पण ते पत्ते बंद पडलेत, पत्रं परत येतात, आणि मग पाठवणाराच लबाड ठरतो. एकेक नाव मोठ्यानं वाचून काढलं. विल्सनचंही. नवऱ्याचं नाव यादीतून पुसायला एक बटण पुरतं. त्यानंतर शॅरननं चहा केला.

१३ एप्रिल, सोमवार

नवं पत्रक. विषय साधा — "कोल्हारच्या दफनभूमीतली तुमच्या घरची कबर". एकगठ्ठा पाठवलं तरी स्पॅम ठरतं म्हणे, म्हणून वीस-वीस जणांना पाठवलं. मग दिवसभर फोन. स्पॅम उघडा, पत्रक दिसलं तर "स्पॅम नाही" दाबा, माझा पत्ता जपून ठेवा, एक ओळ तरी उत्तर पाठवा! घसा बसला.

पिंपरीचा पॉल म्हणाला, "टीचर, सापडलं तुमचं पत्रक! खाली-वर कर्जवाले, मधे तुम्ही!" मेला चौथीतही असाच होता.

१६ एप्रिल, गुरुवार

आठ कबरींची उत्तरं आली!! माणसं विसरली नव्हती. मीच उगाच बोलले.

१८ एप्रिल, शनिवार

दहा. राहिली फक्त आईची.

पाळकसाहेब म्हणाले, "मेरीबाई, तुमच्या एकटीच्या संमतीवर करू या का?" करता आलं असतं. पण नको म्हटलं. मागच्या वेळी त्याच्यासाठी थांबले नाही. परत तेच करू? मग आई नदीत गेली तर? काही सुचत नाही. पण इतका कसला राग रे, अँड्र्यू! आई तुझीही होती ना?

२१ एप्रिल, मंगळवार

त्याला एकट्याला पत्र पाठवलं. "चुकलं माझं. थांबायला हवं होतं."

२३ एप्रिल, गुरुवार

सकाळी शॅरनचा फोन. "मावशी, तुमचा स्वतःचा स्पॅम बघितलात का?"

कुठला बघितला! सगळ्या जगाला सांगत सुटले. उघडला तर आत अँड्र्यूची दोन पत्रं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या त्या पत्रावर रागाच्या भरात "स्पॅम" मीच दाबलं होतं. तेव्हापासून त्याचं सगळं तिथंच जातंय. महिन्याच्या वर तिथं काही टिकत नाही म्हणे. आधीची किती आली, किती पुसली गेली, देव जाणे.

एक ईस्टरच्या शुभेच्छांचं. दुसरं दोन तारखेचं. सगळ्यांच्या आधी उत्तर त्याचंच आलं होतं —

"ताई, पत्रक स्पॅममध्ये होतं. तुझं काही आलंय का, म्हणून मी तिथंही बघतो. आईला वर घ्या. पंचवीसला मी येतोय. या वेळी माती मला देऊ दे."