शोभाचं नाव

४ ऑगस्ट
सलूनमध्ये तोंडाला फेस लावून बसलो होतो. सलूनवाल्याच्या मोबाईलवर गुन्ह्याची गोष्ट चालू. शेंद्र्याची शोभा, कंपनीतला यार, नवऱ्याचा संताप. आमचीच शोभा. माझी धाकटी बहीण. "आता ऐका, खरी गंमत पुढं हाय," सलूनवाला म्हणाला. अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो. रुमालानं तोंड पुसत घरी.

५ ऑग.
व्हिडिओ पूर्ण पाहिला. यार म्हणे! शिफ्टची बस चुकली, सुपरवायझरनं गाडीवर सोडलं, एवढंच. नवऱ्यानं कोर्टात जे सांगितलं तेच या चॅनलवाल्यानं मीठमसाला लावून सांगितलंय. नवरा येतो तेव्हा मागे करुण बासरी. शोभा मरते तेव्हा ढोल. खाली लोकांनी लिहिलंय, अशा बायकांना असंच पाहिजे. चॅनलवाल्याला मेसेज केला, मी तिचा भाऊ, हे काढून टाका.

९ ऑग.
राखी. मनगट मोकळं. जेवताना कुणी वर पाहिलं नाही.

१४ ऑग.
माय सिल्लोडहून आली आहे. स्वयंपाकघरात मोबाईल कानाला लावून बसलेली. तोच व्हिडिओ! हिसकावून घेतला. काय काय बोलतोय तो तिला, कसं ऐकवतं, म्हणालो.
"खोटं हाय, मला ठावं हाय की. पर शोभा शोभा म्हणतो रं त्यो. ह्या घरात कोण म्हणतं?"
खरंय. दहाव्यालाच चुलत्यांनी ठरवलं, केसचा निकाल लागेस्तोवर घरात तिचं नाव काढायचं नाही, बाकीच्या पोरींची लग्नं व्हायचीत. सगळ्यांनी पाळलं. मीही.
माय शेवटपर्यंत ऐकत नाही. नवरा कोयता घेतो तिथं बंद करते, परत पहिल्यापासून लावते. मोबाईल तिला परत दिला.

१९ ऑग.
चॅनलवाल्याचं उत्तर. माफ करा दादा, तुम्ही फक्त हो म्हणा, आजच काढतो. हरामखोर निघाला असता तर भांडलो तरी असतो.
'हो' टाईप केलंय. पाठवलेलं नाही.
आत व्हिडिओ चालू. तो सांगतोय, शोभाला नटण्याची फार हौस. "नव्हती रं बाबा," माय त्याला सांगते, "झोपेची व्हती."
मी इथूनच म्हणालो, "शोभा उभ्या उभ्या झोपायची."
मायनं आवाज बारीक केला. मोबाईल मात्र बंद केला नाही.